साडूभाऊ आणि उन्हात ठेवलेला सेल

निर्जीव वस्तूंवर इतक्या मनापासून आणि इतक्या निष्ठेने रागावणारा माणूस तलासरीपासून डहाणूच्या समुद्रापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि देवाने तो एकुलता एक नमुना नेमका माझा साडू करून पाठवला याबद्दल माझी देवाशी जुनी तक्रार आहे. माणसांवर साडूभाऊ कधी चिडत नाहीत. भाजीवालीने किडकी वांगी दिली तर ते वांग्यांची खरडपट्टी काढतात आणि भाजीवालीला चहा पाजतात. कुकरची शिट्टी लांबली तर कुकरला बोलतात, फोन लागला नाही तर फोनला बोलतात. एकदा दाराच्या पायरीवरून घसरून आपटले, तेव्हा आम्ही धावत जाऊन उठवेपर्यंत त्यांनी बसल्या बसल्या पायरीची पूर्ण चौकशी उरकली होती. माझं बरोबर उलट आहे. मला वस्तूंचा राग येत नाही, मला साडूभाऊंचा राग येतो. लग्न झाल्यापासून येतो. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर आधी तांब्याभर पाणी प्यावं लागतं, आणि आत्ताही ते पिऊनच बसलो आहे.

त्यांची सगळी नोकरी गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांचे कागद तपासण्यात गेली. कुठून आलास, काय भरलंय, कागद काढ, हे तीन प्रश्न विचारत त्यांनी केस पांढरे केले. निवृत्त झाले, पण नाका काही अंगातून उतरला नाही. आता समोर ट्रक येत नाहीत म्हणून मिक्सर येतो, पंखा येतो, पाण्याची मोटर येते. चौकशीची पद्धत ठरलेली आहे. आधी मराठीत समज, मग हिंदीत दम, आणि तरीही ऐकलं नाही तर गुजराती. पंखा घरघरला की खुर्ची ओढून त्याच्याखाली उभे राहतात आणि म्हणतात, "हे बघ, नीट सांगतोय." दहा मिनिटांनी, "सुनता नहीं क्या?" आणि शेवटी, "अल्या, शुं थयुं छे तने?" साडूभाऊ गुजरातीवर आले की आमच्या ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मुकाट्याने उठून मिस्त्रीला फोन लावतात. मिस्त्री आला तरी नवा भाग टाकू देतील तर ते साडूभाऊ कसले. "वस्तू मरत नाही मास्तर, कामचुकार होते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकं चुकीचं वाक्य मी कुठल्या मुलाच्या वहीतही वाचलं नाही.

या तत्त्वज्ञानाचा सगळ्यात जास्त जाच सेलांना. आमच्या भागात ऊन पडलं की कुणी ना कुणी काहीतरी वाळत घालतंच. चिंचणीला बोंबील, घोलवडला चिकूच्या चकत्या आणि तलासरीला साडूभाऊंचे सेल. पूर्वी रेडिओचे सेल थकले की आपण सगळेच ते उन्हात ठेवायचो, दाताने चावायचो, आणि त्यावर अजून एखादी बातमी ऐकून घ्यायचो. जग ते विसरलं, साडूभाऊ विसरले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाचे, टीव्हीच्या रिमोटचे, टॉर्चचे असे सगळे सेल गच्चीवर ताईंच्या पापडांशेजारी एका सुपात रांगेने झोपवलेले असतात, आणि दर तासाला हे वर जाऊन त्यांची कूस बदलतात. ते घड्याळ गेली कित्येक वर्षं वीस मिनिटं मागे आहे. त्यावरून मी एकदा काही बोललो तर मला म्हणाले, "दिवसातून किती वेळा बरोबर आहे ते बघा ना." बंद पडलेलं घड्याळ निदान दोनदा तरी बरोबर असतं हो, मागे पडलेलं एकदाही नसतं, हे मी त्यांना फळ्यावर लिहून दाखवायला तयार होतो. बायकोने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

तीन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना गाडी घेऊन दिली. मुलगा वापीला कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. गाडी पांढरी, लहानशी, किल्ली खिशात ठेवून नुसतं बटण दाबलं की सुरू होणारी. साडूभाऊंना ती आधी आवडली नाही, कारण जी वस्तू आपण फिरवत नाही ती ऐकते कशी याचा त्यांना संशय. पण ताईंचे गुडघे गेलेले. ताई आणि माझी बायको दोघी चिंचणीच्या, समुद्राच्या काठाशी वाढलेल्या. तलासरीला इतकी वर्षं काढूनही ताईंना तिथल्या वाऱ्यात काहीतरी कमी वाटतं. एसटीची पायरी चढणं त्यांना आता जमत नाही. म्हणून दर गुरुवारी साडूभाऊ त्यांना गाडीत घालून डहाणूला आणतात. ताई किनाऱ्यावरच्या कठड्यावर दोन तास बसतात, नुसत्या समुद्राकडे बघतात. साडूभाऊ वाळूत पाय ठेवत नाहीत. ते गाडीजवळ उभे राहून खाऱ्या वाऱ्याने पत्रा खराब होतो याबद्दल समुद्राला बोलत असतात. मग दोघं आमच्याकडे चहाला येतात, आणि माझा गुरुवार बरबाद होतो. पण गुरुवारी रात्री ताईंना शांत झोप लागते, हे माझी बायको मला दर वेळी सांगते आणि मी गप्प बसतो.

गेल्या हिवाळ्यात किल्ली थकायला लागली. आधी फाटकापासून बटण दाबलं की गाडी 'टीं' करून दिवे मिचकवायची आणि दारं लावून घ्यायची. मग पाच पावलांवर यावं लागलं. मग तीनतीनदा दाबावं लागलं. मग किल्ली दाराच्या कडीला टेकवून दाबायची वेळ आली. कधी टीं व्हायचं, कधी नाही. एकदा आमच्या अंगणात गाडी सुरूच होईना, समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली की किल्ली सापडत नाही. साडूभाऊंनी किल्ली तिच्या काचेसमोर धरली आणि ओरडले, "ही काय माझ्या हातात आहे ती! डोळे फुटले का तुझे?" शेवटी मीच ती किल्ली सुरू करायच्या बटणाला टेकवली आणि गाडी सुरू झाली. मी म्हटलं, "साडूभाऊ, आतला सेल संपत आलाय. रुपयाएवढा चपटा सेल असतो, २०३२ नंबरचा. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलून टाका." त्यावर ते जे म्हणाले ते वाक्य मी या जन्मात विसरणार नाही, कारण पुढचे दोन महिने ते मी दर गुरुवारी ऐकलं. ते म्हणाले, "काल तर चालली होती."

काल चालली होती! अहो, थकलेला सेल असाच वागतो. एक दिवस चालतो, दोन दिवस नाही, उबेत बरा असतो आणि सकाळच्या गारव्यात मान टाकतो. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, मग शांत न राहता सांगितलं. त्यांचं उत्तर तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि वड्याचं तेल वांग्यावर निघून मी घरी बायकोवर डाफरायचो. आणि किल्लीतला सेल तिकडे तलासरीच्या गच्चीवर सुपात पडून अंगाला ऊन लावून घेत होता.

मग व्हायचं ते झालं. चारोटीला चहाला थांबले, बटण दाबून गेले, आणि परत येऊन बघतात तर मागच्या सीटवर एक म्हातारी मांडीवर पितळी डबा घेऊन बसलेली. लग्नाच्या वऱ्हाडातली. तिच्या भाच्याची गाडीही पांढरीच. साडूभाऊ त्या म्हातारीला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारून विचारलं, "काय गं, कोणालाही बसवून घेतेस?" म्हातारीला वाटलं आपल्यालाच विचारतायत. ती म्हणाली, "मी कुठं कुणाला बसवलं? मी एकटीच आहे." भाचा सापडेपर्यंत अर्धा तास तिच्या डब्यातले लाडू खात बसले. दुसऱ्यांदा आमच्याकडे मुक्कामाला राहिले तेव्हा दारात रात्रभर गाडी उघडी राहिली. आणि तिसऱ्यांदा तलासरीच्या बाजारात, बरोबर तेव्हाच जेव्हा मुलगा वापीहून आला होता. त्याने कडीला हात लावला आणि दार उघडलं.

मुलगा चांगला आहे, पण तरुण आहे, आणि तरुण माणसाला म्हाताऱ्यांचं निदान लगेच सापडतं. म्हणाला, "पप्पा, तुम्ही लॉक करायला विसरता."

"मी दाबलं होतं. किल्ली ऐकत नाही."

"किल्लीवर कशाला ढकलताय? ही तिसरी वेळ. उद्या हायवेवर काहीतरी विसराल. मी पुढच्या रविवारी येतो आणि गाडी वापीला घेऊन जातो."

ताईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त शेवटी माझ्या बायकोला म्हणाल्या, "या गुरुवारी जरा जास्त वेळ बसू हं समुद्रावर." बायकोने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि तो गुरुवार उलटल्यावर शनिवारी सकाळी मी तलासरीच्या एसटीत होतो. डहाणू सोडल्यापासून मनात वाक्यं जुळवत होतो, एकाहून एक खरमरीत.

साडूभाऊ गच्चीवरच होते. किल्ली उघडून तिची दोन शकलं कठड्यावर ठेवलेली, आणि सुपात, तांदळाच्या पापडांशेजारी, तो एवढासा सेल.

"तासभर ऊन लागू दे मास्तर, मग बघा."

"अहो, हा टॉर्चचा सेल नाही. याला उन्हाने काही होत नाही, झालाच तर खराब होतो."

"तुम्ही शाळेत मुलं शिकवलीत, सेल नाही शिकवले."

"बाजारात घड्याळवाला आहे. दोन मिनिटांचं काम आहे."

"घाई काय आहे एवढी?"

"घाई काय आहे? उद्या पोरगा गाडी घेऊन चाललाय, ताईंचा समुद्र बंद होणार, आणि तुम्ही सेलाची कूस बदलताय? तुम्हाला बायकोपेक्षा तुमचा हट्ट मोठा झालाय, साडूभाऊ!"

ते वळले. "मास्तर," ते ओरडले, "तुम्ही तुमच्या घरी जा!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच साडूभाऊ एका जिवंत माणसावर ओरडले होते, आणि तो मान मला मिळाला होता. माझा असा तिळपापड झाला की त्यांच्याच सुपात वाळत पडला असता. तडक खाली आलो आणि चपला शोधू लागलो. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मास्तर, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." त्यांनी मला बसवलं, कप दिला, आणि "पापड परतून येते" म्हणून गच्चीकडे निघाल्या. एकेका पायरीवर थांबत, भिंतीला धरत. रागात मला एवढंही सुचलं नाही की या बाईला उंबरा ओलांडताना हात द्यावा लागतो, आणि पापड रोज साडूभाऊच परततात. साडूभाऊ तोवर खाली उतरून नळाशी हातपाय धूत होते. बऱ्याच वेळाने ताई तशाच थांबत थांबत उतरल्या, खुर्चीत टेकल्या, आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "अहो, तुमचा सेल कावळ्याने नेला."

पुढचा पाव तास कावळ्यांच्या सबंध कुळाने जे ऐकलं ते सगळं गुजरातीत होतं. मराठी आणि हिंदी या दोन्ही पायऱ्या साडूभाऊंनी गाळल्या. गच्ची धुंडाळून झाली, पन्हळी बघून झाल्या, आंब्याच्या झाडालाही जाब विचारून झाला. सेल नव्हता. रिकाम्या किल्लीने गाडी उघडणार कशी? आता बाजारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि माझ्या चपला घालून झालेल्याच होत्या.

घड्याळवाल्याने किल्ली हातात घेतली, खणातून नवा सेल काढला आणि म्हणाला, "काका, बसवून देऊ का?" साडूभाऊ म्हणाले, "नको. घरी बसवतो." परतताना ते इतके सावकाश चालत होते की मला दर खांबापाशी थांबावं लागत होतं. मी अजून घुश्शात होतो, त्यामुळे त्यांच्याकडे बघत नव्हतो. घरी आल्यावर ते गाडीसमोर उभे राहिले, सेल बोटाने पुसला, खाचेत ठेवला, झाकण दाबलं. मग किल्ली गाडीकडे धरली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. किल्लीवरचा तांबडा ठिपकासुद्धा लागला नाही. मी कान देऊन उभा होतो, आता समज येणार, मग दम. साडूभाऊ काहीच बोलले नाहीत. गाडीला नाही, किल्लीला नाही, मला नाही. त्यांनी किल्ली खाली केली, आणि मी त्यांचा चेहरा बघितला. इतका घाबरलेला माणूस मी जवळून कधी बघितला नव्हता.

"म्हणजे मीच, मास्तर," ते हळूच म्हणाले.

"काय मीच?"

"मीच विसरतो. पोरगा बरोबर बोलला." मग म्हणाले, "जुना सेल आत होता तोवर चूक सेलाची होती. म्हणून बदलत नव्हतो. नवा घातला आणि तरी दार उघडं राहिलं, तर मग बोलायचं कोणाला?"

दोन महिने मी ज्याला हट्ट समजत होतो, त्याच्याखाली हे होतं. एसटीत जुळवलेली वाक्यं मला आठवली आणि स्वतःची लाज वाटली. शिकवण्याचा धंदा करूनही, पोरगं पाटी का दाखवत नाही हे मला ओळखता आलं नव्हतं. मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली, काहीतरी करायला हवं म्हणून नखाने झाकण उघडलं, आणि बघतो तर काय! सेलावरची अधिकची खूण खाली तोंड करून बसली होती, आणि खाचेत खूण स्पष्ट कोरलेली की ती बाजू वर.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही सेल उलटा घातलाय."

"काय?"

"उलटा. पालथा. झोपवताना कूस बदललीत याची!"

सेल उलटवला. टीं! दिवे लागले, दारं खाडकन बंद झाली. ते फाटकापर्यंत गेले. टीं! रस्त्यापलीकडे गेले. टीं! शेजारच्यांच्या गोठ्यापाशी जाऊन, किल्ली डोक्यावर धरून दाबलं, आणि तिथूनही टीं ऐकू आलं. मग मात्र ते धावत आले आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून तिला म्हणाले, "अली, आटला दिवस क्यां हती तुं?" इतके दिवस कुठे होतीस, हेच पुन्हा पुन्हा विचारत होते आणि डोळे पुसत होते. मला वाटतं मीही माझ्या डोळ्यांतलं काहीतरी काढलं, पण ते धुळीमुळे असेल.

रविवारी मुलगा आला. साडूभाऊंनी त्याला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि किल्ली हातात दिली. त्याने चार वेळा दाबलं, चार वेळा दारांच्या कड्या ओढून बघितल्या, आणि जेवून बसने वापीला परत गेला.

गुरुवारी ताई कठड्यावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि तळहात माझ्यासमोर उघडला. त्यावर तो जुना सेल होता.

"कावळा," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "ताई, नवा सेल घालूनही दार उघडं राहिलं असतं तर?"

त्या समुद्राकडे बघत राहिल्या. "तर मी रोज विचारलं असतं, लॉक केलं का म्हणून. त्यात काय एवढं?"

मागे साडूभाऊ वाळूच्या कडेला उभे होते. ते गाडी उघडत होते, लावत होते, आणि परत उघडत होते. दर वेळी टीं व्हायचं आणि ते समुद्राला काहीतरी सुनवायचे. नवा सेल असाच वापरला तर महिन्यात संपेल, हे ओरडून सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि मिटलं.

परवा मी घराला कुलूप लावून निघालो. बायको माहेरी गेली होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलो आणि पाय थांबले. कुलूप लावलं की नुसतं अडकवलं? किल्ली खिशात होती, पण ती फिरवल्याचं काही केल्या आठवेना. परत आलो. कुलूप व्यवस्थित लागलेलं होतं. दोनदा ओढून बघितलं, निघालो, आणि गिरणीपाशी पुन्हा तेच. दारात उभा राहून मला सणसणीत राग आला आणि तो काढायचा कोणावर हेच कळेना. लोखंडी कुलूप ते, त्यात सेल नसतो. मग खिशातून फोन काढला, तलासरीला लावला, आणि साडूभाऊंना म्हणालो, "जरा हे माझं कुलूप तुमच्या भाषेत झापा बघू."

"फोन त्याच्या तोंडाशी धरा," ते म्हणाले.

मी धरला.